मागच्या रांगेतला सूर

पोवाडा ऐकताना आपले लक्ष डफावर थाप देणाऱ्या शाहिराकडे असते. त्याचा फेटा, त्याचे हातवारे, कडव्याच्या अखेरीस वर चढवलेला आवाज हे सारे मनावर ठसते. परंतु शाहीर श्वास घेण्यासाठी क्षणभर थांबतो, तेव्हा पोवाडा थांबत नाही. तुणतुणे आणि झांज घेऊन मागे उभे असलेले दोघे-तिघे तो सूर आपल्या अंगावर घेतात, लांबवतात आणि पुढच्या कडव्याच्या तोंडाशी आणून शाहिराच्या स्वाधीन करतात. याला झील धरणे म्हणतात आणि ती धरणाऱ्यांना झीलकरी. तमाशात हे काम सुरत्याचे, भजनात ध्रुपद धरणाऱ्यांचे. तुकोबांच्या कीर्तनात मागे उभे राहणाऱ्या चौदा टाळकऱ्यांची नावे परंपरेने आजवर जपली आहेत. या माणसांसाठी मराठीने इतके शब्द राखून ठेवले, याचे मला कौतुक वाटते. मात्र 'एखाद्याची री ओढणे' हा वाक्प्रचारही याच मराठीने दिला आणि त्यात कौतुकाचा लवलेश नाही.

या मागच्या रांगेविषयी मी मुद्दाम विचार करू लागले, त्याला एक चित्रपट आणि एक रौप्यपदक अशी दोन कारणे घडली. पदकाकडे नंतर वळेन. चित्रपट अमेरिकन होता, २०१३ साली निघालेला, 'ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम' नावाचा. रंगमंचावर मुख्य गायक जिथे उभा राहतो आणि साथीच्या गायिका जिथे उभ्या राहतात, त्या दोन जागांमधले अंतर जेमतेम वीस फुटांचे, असा त्या नावाचा रोख आहे. मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या माझ्या भाचीने एका दिवाळीच्या सुटीत तो मला आग्रहाने दाखवला. इंग्रजी गाण्यांशी माझा परिचय बेताचाच. चित्रपट सुरू झाला, तेव्हा मी मेथी निवडायला घेतली होती. तास उलटून गेला तरी जुडी तशीच होती.

भाची मध्ये मध्ये समजावून सांगत होती. "मावशी, एकटी छान गाणारी प्रत्येक मुलगी कोरसमध्ये चालतेच असं नाही बरं का!" ती म्हणाली. तिघींनी 'आ' लावला, तर तो एकच 'आ' वाटला पाहिजे. शब्दाचे शेवटचे अक्षर तिघींच्या ओठांवर एकाच क्षणी मिटले पाहिजे. श्वास मात्र तिघींनी एकाच वेळी घेता कामा नये, नाहीतर सुरात भोक पडते. शेजारणीचा आवाज कानात घेऊन आपला आवाज त्यात मिसळायचा आणि तरीही स्वतःचा सूर सोडायचा नाही. मला एकदम आमच्याकडचे लग्नघर आठवले. मंगलाष्टके म्हणताना एखाद्या काकूंचा आवाज सर्वांच्या वर जातो आणि मग कोणीच नीट गात नाही. मागच्या रांगेत उभे राहणे ही स्वतंत्र विद्या आहे, हे मला त्या दिवशी प्रथम नीट उमगले.

त्या चित्रपटात अनेक गायिका आहेत. माझ्या मनात घर केले ते डार्लीन लव्ह यांनी.

डार्लीनबाईंचा जन्म १९४१ सालचा, लॉस एंजेलिस शहरातला. माहेरचे आडनाव राईट. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक असल्यामुळे त्यांचा आवाज प्रार्थनामंदिरातल्या गायकवृंदात घडला. शाळेत असतानाच त्या 'द ब्लॉसम्स' नावाच्या मुलींच्या गायनसंचात सामील झाल्या. या संचाचे मुख्य काम इतरांच्या गाण्यांना साथ देण्याचे. तोवर त्या शहरातल्या स्टुडिओंमध्ये साथीला बहुधा गोऱ्या गायिका असत; समोरच्या कागदावरची स्वरलिपी वाचून त्या नेटकेपणाने गात. प्रार्थनामंदिरातून आलेल्या या कृष्णवर्णीय मुलींनी साथीत जीव ओतला आणि त्यांना मागणी वाढत गेली. आज या गायकामागे, उद्या त्या गायिकेमागे. गाणे लोकप्रिय झाले की ज्याचे नाव तबकडीवर, त्याची ख्याती. ब्लॉसम्सना त्या तासांचे पैसे मिळत. यात तक्रार करण्याजोगे त्यांना काही वाटत नव्हते आणि मलाही वाटत नाही. पुढे उभा राहणारा असला की मागे कोणीतरी उभे राहायचेच.

घोटाळा झाला तो १९६२ साली. फिल स्पेक्टर नावाचा तरुण निर्माता तेव्हा नाव कमावत होता. अनेक वाद्ये एकाच खोलीत एकदम वाजवून, त्यांवर प्रतिध्वनीचा थर चढवून तो आवाजाची जणू एक भिंतच उभी करी. जीन पिटनी याने लिहिलेले 'ही इज अ रेबेल' हे गाणे त्याच्या हाती आले. दुसरी एक कंपनीही तेच गाणे काढते आहे असे कळल्यामुळे त्याला घाई होती. त्याच्याकडे 'द क्रिस्टल्स' हा मुलींचा संच होता. पण त्या मुली न्यूयॉर्ककडच्या आणि ध्वनिमुद्रण व्हायचे लॉस एंजेलिसमध्ये. त्याने ब्लॉसम्सना बोलावले. मुख्य स्वर डार्लीनबाईंचा. त्यांनी ठरलेली रक्कम घेतली, गाणे गायले आणि त्या घरी गेल्या. तबकडी बाजारात आली, ती क्रिस्टल्सच्या नावाने. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

इथवरचा व्यवहार डार्लीनबाईंना ठाऊक होता. परंतु लगेच त्यांनी स्पेक्टरशी करार केला. 'लव्ह' हे आडनाव त्यानेच दिलेले. आता पुढचे गाणे आपल्या स्वतःच्या नावावर निघेल, या विश्वासाने त्यांनी 'ही इज शुअर द बॉय आय लव्ह' गायले. ते रेडिओवर लागले, तेव्हा निवेदकाने नाव घेतले क्रिस्टल्सचे.

वाचकहो, इथे क्रिस्टल्सवर राग धरणे सोपे आहे. मीही धरला होता. पण त्यांची बाजू पाहा. आपले म्हणून जे गाणे देशभर वाजते आहे, त्यात आपला आवाजच नाही, अशी त्यांची अवस्था. श्रोते तिकीट काढून येणार आणि तेच गाणे मागणार. त्यांच्या मुख्य गायिकेचा आवाज मृदू. तो डार्लीनबाईंच्या त्या धारदार सुरापर्यंत पोहोचत नव्हता. अखेर संचातल्या ला ला ब्रूक्स या कोवळ्या वयाच्या मुलीला ते गाणे कार्यक्रमात गाण्यासाठी पुढे करावे लागले. एकीचा आवाज गेला आणि दुसऱ्यांच्या गळ्यात परक्याचा आवाज अडकला.

हे ऐकले आणि मला ते पदक आठवले.

मी नववीत असताना आमच्या शाळेने आंतरशालेय स्पर्धेसाठी एक संगीतिका बसवली. तीत राजकन्येला तीन गाणी होती. ती गाणी गाऊ शकेल अशी मुलगी वर्गात मी एकटीच. परंतु मी ठेंगणी, त्यात जाड काचांचा चष्मा. राजकन्येला चष्मा शोभत नाही. म्हणून माझ्या शेजारी बसणारी, दिसायला देखणी अशी माझी मैत्रीण राजकन्या झाली आणि मी पडद्याआड पेटीवाल्या सरांच्या बाजूला उभी राहिले. ती ओठ हलवी, मी गाई. इतकी तालीम केली होती की तिच्या खांद्याची हालचाल पाहून मला तिचा पुढचा श्वास कळे. परीक्षक बाहेरगावचे होते. त्यांनी उत्कृष्ट गायनाचे रौप्यपदक राजकन्येला दिले. मी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "अगं, नाव कुणाचं का असेना, शाळेचं झालं ना!"

संध्याकाळी मैत्रीण ते पदक रुमालात गुंडाळून आमच्या घरी घेऊन आली. मी दार उघडलेच नाही. आईला म्हटले, "झोपली आहे म्हणून सांग." त्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब गाव सोडून गेले. पुढे मी मराठी विषय घेऊन एम. ए. झाले, नोकरीला लागले, पाठ्यपुस्तकांच्या कामात रमले. गाणे केव्हाच सुटले. त्या मुलीवरचा राग मात्र सुटला नव्हता, हे मला मेथीच्या जुडीसमोर बसल्यावर कळले.

असो. डार्लीनबाईंकडे वळू.

१९६३ साली त्यांच्या स्वतःच्या नावाने तबकड्या निघाल्या. आवाज तोच, निर्माता तोच. पण एकही गाणे पहिल्या विसांत आले नाही. जो आवाज दुसऱ्याच्या नावावर पहिल्या क्रमांकावर पोहोचला, तो स्वतःच्या नावावर तेव्हा सव्विसाव्या क्रमांकाच्या पुढे सरकू शकला नाही. त्याच वर्षी स्पेक्टरने नाताळच्या गाण्यांचा एक संग्रह काढायचे ठरवले. नाताळची गाणी, पण मुद्रण झाले ऐन उन्हाळ्यात. त्यात डार्लीनबाईंचे 'ख्रिसमस (बेबी प्लीज कम होम)' हे गाणे आहे. सगळीकडे सणाची रोषणाई आहे, घंटा वाजत आहेत आणि एक बाई आपल्या माणसाला घरी परत ये म्हणून विनवते आहे, एवढाच त्याचा आशय. आपल्याकडे दिवाळीला घरी न आलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईला तो समजावून सांगावा लागणार नाही. संग्रह बाजारात आला २२ नोव्हेंबर १९६३ रोजी. त्याच दिवशी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. अशा वातावरणात नाताळची गाणी कोण घेणार? संग्रह पडून राहिला.

डार्लीनबाई पुन्हा मागच्या रांगेत गेल्या. १९६४ ते १९६६ या काळात 'शिंडिग' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ब्लॉसम्स नियमितपणे झळकत. कृष्णवर्णीय गायिका दर आठवड्याला देशभरच्या घरांत दिसणे त्या काळी दुर्मीळ होते. फ्रँक सिनात्रा याच्या 'दॅट्स लाइफ'ला त्यांचीच साथ आहे. १९६८ साली एल्व्हिस प्रेस्ली याच्या गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातही त्या आहेत. पुढे डार्लीनबाई डिऑन वॉरविक यांच्यामागे काही वर्षे गात राहिल्या. मग काळ बदलला, कामे आटली. हाताशी पैसा नव्हता. १९८०च्या दशकाच्या आरंभी त्या लॉस एंजेलिसच्या धनिकांच्या वस्तीत घरे साफ करण्याचे काम करू लागल्या.

पुढचा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. नाताळचे दिवस होते. त्या एका घरातले न्हाणीघर घासत होत्या आणि रेडिओ चालू होता. रेडिओवर त्यांचेच ते गाणे लागले. ज्या घरात त्या वाकून फरशी पुसत होत्या, त्याच घरात त्यांचा बावीस वर्षांच्या वयातला आवाज, कोणाच्याही परवानगीवाचून, मोठ्याने गात होता. आपली जागा इथे नाही, आपण गायला हवे, असे त्यांना त्या क्षणी वाटले.

चित्रपटात हा प्रसंग ऐकताना भाची डोळे पुसत होती. मला मात्र रडू आले नाही. मी मनात हिशेब करत होते, की त्या वेळी त्यांचे वय चाळिशीच्या घरात होते. चाळिशीतली, घरकाम करणारी बाई पुन्हा गायिका व्हायला निघते, तेव्हा ती पहिला दूरध्वनी कोणाला करते? पहिल्या कार्यक्रमाला कोणती साडी, म्हणजे कोणता पोशाख, नेसते? चित्रपट अशा गोष्टी सांगत नाहीत. आमच्या अभ्यासकेंद्रावर चाळिसाव्या वर्षी दहावीला बसायला आलेल्या एका बाई मला आठवतात. त्या अर्ज भरताना थांबल्या होत्या. 'नाव' या शब्दापुढे माहेरचे लिहावे की सासरचे, एवढ्यावरच त्या दहा मिनिटे अडून बसल्या होत्या.

डार्लीनबाई परतल्या त्या एका फटक्यात नव्हेत. लहान कार्यक्रम मिळाले, १९८५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'लीडर ऑफ द पॅक' या संगीत नाटकात भूमिका मिळाली, १९८७ पासून 'लीथल वेपन' चित्रपटमालिकेत एका पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नीचे कामही मिळाले. १९८६ साली डेव्हिड लेटरमन यांच्या रात्रीच्या कार्यक्रमात त्यांनी तेच नाताळचे गाणे म्हटले. ते इतके रंगले, की दरवर्षी नाताळच्या सुमारास त्यांना बोलावण्याचा प्रघातच पडला आणि तो २०१४ पर्यंत टिकला. १९६३ साली कोणी न घेतलेले गाणे लोकांच्या सणाचा भाग होऊन बसले.

मानधनासाठी त्यांनी स्पेक्टरविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि १९९७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला; मात्र मुदतीच्या कायद्यामुळे सुरुवातीच्या वर्षांचे पैसे बुडाले ते बुडालेच. १९९८ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले. 'माय नेम इज लव्ह', म्हणजे माझे नाव लव्ह, हे त्याचे शीर्षक. नाव स्पेक्टरने दिलेले, पण 'माझे' हा शब्द त्यांचा. २०११ साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या मानाच्या दालनात त्यांचा समावेश झाला. मी पाहिलेल्या त्या चित्रपटाला २०१४ साली ऑस्कर मिळाले, तेव्हा व्यासपीठावर भाषण करण्याऐवजी त्या गायल्या. सभागृह उभे राहिले. आणि २०१५ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांच्या एकटीच्या गाण्यांचा नवा संग्रह निघाला. त्याचे नाव ठेवले 'इंट्रोड्यूसिंग डार्लीन लव्ह'. परिचय करून देत आहोत! पन्नासहून अधिक वर्षे जिचा आवाज लोक ऐकत आले, तिचा हा परिचय. या विनोदात थोडी चीड असावी असा माझा समज आहे.

सगळ्यांनाच पुढे यायचे असते असेही नाही. त्याच चित्रपटात लिसा फिशर आहेत. त्यांच्या एकटीच्या गाण्याला १९९२ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. दार उघडले होते. पण त्या पुन्हा मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि १९८९ ते २०१५ एवढा काळ 'रोलिंग स्टोन्स' या प्रख्यात संचाबरोबर दौरे करत राहिल्या. सुरात सूर मिसळण्यात त्यांना जो आनंद मिळतो, त्याविषयी त्या बोलतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हार मानल्याची छटाही नसते. भाचीला हे पटले नाही. "एवढा आवाज असून?" ती म्हणाली. आमचा वाद बराच वेळ चालला. माझे म्हणणे एवढेच होते, की लिसाबाई मागे उभ्या आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे नाव घेतले जाते, टाळ्या त्यांच्या वाट्याच्या त्यांना मिळतात. डार्लीनबाईंचे दुःख मागे उभे राहण्याचे नव्हतेच मुळी. त्या पुढे उभ्या असताना त्यांच्या जागी दुसऱ्याच नावाची पाटी लावली गेली, हे ते दुःख. मी हे जरा मोठ्याने बोलले असावे, कारण भाची माझ्याकडे पाहत म्हणाली, "मावशी, तू कोणाविषयी बोलते आहेस?"

मग तिला पदकाची हकीकत सांगावी लागली. ती हसेल असे वाटले होते. तिने विचारले, "त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं?" मला सांगता आले नाही. चाळीस वर्षांत मी कधी चौकशीच केली नव्हती.

शोधणे आजकाल कठीण नाही. शाळेच्या जुन्या विद्यार्थिनींचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट आहे. तिथे दोन दिवसांत क्रमांक मिळाला. ती आता हैदराबादला असते, तिला नातू झाला आहे. मी नाव सांगताच पलीकडून आवाज आला, "अगं, तू? चष्मा अजून तसाच आहे का?" बराच वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले. शेवटी मीच पदकाचा विषय काढला. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "त्या पदकानं माझी काय फजिती केली, तुला सांगते."

तिच्या लग्नाचे पाहत होते, तेव्हा वडिलांनी मुलीच्या माहितीत मोठ्या अभिमानाने लिहिले होते, गायनात रौप्यपदक. पाहायला आलेल्या मंडळींनी पोहे खाऊन झाल्यावर अर्थातच गाण्याचा आग्रह धरला. पहिल्या दोन ठिकाणी तिने घसा बसल्याचे सांगितले. तिसऱ्या वेळी मुलाच्या आजीबाई हटून बसल्या. "बसलेल्या घशानं गा, पण गा," म्हणाल्या.

"मग काय केलंस?" मी विचारले.

"काय करणार? सरळ सांगून टाकलं. म्हटलं, आजी, पदक माझ्याकडे आहे, पण आवाज माझा नव्हे. आमच्या वर्गात एक मुलगी होती, ती पडद्यामागून गात होती. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! आजींनी विचारलं, कोण ती मुलगी? मी तुझं नाव सांगितलं. संपूर्ण, आडनावासकट. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं." ती हसली. "त्याच घरी पडले मी. आजी जाईपर्यंत अधूनमधून विचारायच्या, तुझी ती गाणारी मैत्रीण आता काय करते गं?"